चहाच तर घेतला!

पहाटे घरातून निघालेल्या माणसाला उपाशी पाठवणं खान्देशातल्या कुठल्याच माउलीला पटत नाही. लासूर, अडावद किंवा सातपुड्यातल्या वैजापूरहून कुणी दवाखान्यासाठी निघालं, की दारातच आग्रह होतो, "थोडासा चहा पी ले, काय व्हत नही!" एरवी या मायेला तोड नाही. पण गुंगी देऊन अक्कलदाढ काढायची असेल, तर हा कपभर चहा जिवावर बेतू शकतो. चोपड्याहून तापी ओलांडून जळगावला पोहोचल्यावर डॉक्टर विचारतात, "काही खाल्लं-प्यायलं का?" उत्तर येतं, "नाही हो, चहाच तर घेतला." मग दाढ त्या दिवशी निघत नाही आणि सगळी खेप वाया जाते. चहा लपवला, तर त्याहून वाईट घडू शकतं.

जागेपणी पाण्याचा थेंब श्वासनलिकेकडे वळला तरी ठसका लागतो. तो ठसका आपल्या फुप्फुसांचा राखणदार आहे. गुंगीत हा राखणदार पेंगतो. अशा वेळी पोटातलं अन्न वर आलं, तर ते फुप्फुसात उतरून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. दूध दिसायला पातळ, पण पोटातल्या आम्लात ते साकळतं. म्हणून दुधाचा चहा जेवणातच धरतात.

दाताच्या दवाखान्यात आपण 'भूल' हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतो. हिरडीत लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करतात, त्यात पेशंट पूर्ण जागा असतो. गुंगीत तो सुस्तावतो, भीती ओसरते, पण हाक मारली की ओ देतो. पूर्ण भुलीत मात्र शुद्धच नसते. गुंगी सौम्य हवी असेल तर नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन देतात. 11 डिसेंबर 1844 रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्यानं हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. वायू बंद केला की त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. शिरेतून दिलेल्या मिडॅझोलामसारख्या औषधाचा अंमल मात्र बराच वेळ रेंगाळतो. म्हणून आपल्याला यातलं नेमकं काय देणार आहेत, सोबत भूलतज्ज्ञ असतील का, हे आधीच विचारून घ्यावं.

पहिली तयारी उपाशी राहण्याची. तिचं गणित सोपं आहे. तळकट, तेलकट जेवणानंतर आठ तास, हलकं खाणं किंवा दूध घेतल्यावर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास. अकराची वेळ असेल तर पाणी नऊपर्यंत चालेल, कोरा चहासुद्धा. पण आदल्या रात्री मळ्यात भरीत-पुरीची पार्टी असेल, तर ताट लवकर वाढून घ्या, कारण तेल पोटात जास्त वेळ थांबतं. केळीच्या मुलखात केळं म्हणजे खाणं वाटतच नाही, पण तेही सहा तासांतच मोजायचं. एसटीत रडणाऱ्या पोराच्या हातात दिलेलं बिस्किटही तसंच. तुमच्या डॉक्टरांनी याहून जास्त वेळ सांगितला असेल, तर त्यांचाच शब्द पाळा.

दुसरी तयारी खरं बोलण्याची. दारू, गुटखा, मशेरी यांचा विषय निघाला की सोबतच्या वडीलधाऱ्यांसमोर मान खाली जाते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तोंडं अजून सुटलेली नाहीत. सुपारी-गुटख्यानं तोंड आखडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावत नसतील, तर ते आधीच सांगा, कारण गरज पडली तर डॉक्टरांना त्याच वाटेनं श्वास सांभाळायचा असतो. रात्री मोठ्यानं घोरणं, दमा, सर्दी-खोकला, गरोदरपण, आधीच्या भुलीचा त्रास यातलं काहीही लपवू नये. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करणंही तितकंच घातक. दोन्हींबाबत आधी विचारा. नेलपॉलिश पुसून जा, कारण करोनात घरोघरी पोहोचलेलं ऑक्सिमीटर तिथेही बोटालाच लावतात.

तिसरी तयारी सोबतीची. गुंगीच्या औषधानं त्या वेळचं बरंचसं आठवत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सूचना सोबतच्यानं ऐकाव्यात, लिहून घ्याव्यात. परतताना मोटरसायकलवर मागेही बसवू नका, डुलकी लागली तर तोल जातो. लहान मूल गाडीत झोपलं, तर त्याची हनुवटी छातीवर टेकू देऊ नका, त्यानं श्वास अडतो. त्याच्याकडे बघायला चालकाशिवाय आणखी एक मोठं माणूस हवं.

पुढचे चोवीस तास गाडी, यंत्र आणि सही-अंगठ्याचे व्यवहार बंद. माणूस चालतो-बोलतो म्हणून तो पुरता भानावर आला असं नसतं. रात्री लाईट आली की विहिरीवर मोटर सुरू करायला जाणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट. त्या एका रात्री स्टार्टरला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागू द्या.

आणि माय, तुमचा चहा वाया जाणार नाही. तो थर्मासमध्ये भरून सोबतच्याकडे द्या. पेशंट पूर्ण जागा झाला, ओठांचा बधिरपणा उतरला आणि डॉक्टर हो म्हणाले, की तो कोमट करून घोट-घोट पाजता येईल.