बॅटरीचे बारा व्होल्ट काय सांगतात?

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन किंवा तुरीच्या शेताभोवती बारीक तारांचे कुंपण तुम्ही पाहिले असेल. रोही आणि रानडुकरे यांना दूर ठेवण्यासाठी शेतकरी तेथे 'झटका मशीन' बसवतात. दिवसा सौर पॅनेल 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी भारित करते; रात्री त्याच बॅटरीवर मशीन चालते. समजा, सायंकाळी मापीने 13 व्होल्ट दाखवले, म्हणून शेतकरी निश्चिंत झोपला. पण मध्यरात्री मशीन बंद पडले आणि पहाटेपर्यंत पीक तुडवले गेले. मग मापी खोटे बोलला काय? नाही. त्याला प्रश्न चुकीच्या वेळी विचारला गेला.

या बॅटरीचे मूळ रूप फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने 1859 साली तयार केले. तिच्या एका घटाचा विद्युतदाब सुमारे 2.1 व्होल्ट असतो. असे सहा घट एकसर जोडले की सुमारे 12.6 व्होल्ट मिळतात. वीज खर्च होताना घटातील दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते, सल्फ्युरिक आम्ल विरल होते आणि दाब उतरतो.

भारित होत असताना मात्र पट्ट्यांलगतचे आम्ल तीव्र बनते व दाब काही काळ फुगलेला दिसतो. म्हणून पॅनेल व मशीन दोन्ही सोडवून चार-पाच तासांनी मोजावे. तेव्हा साधारणपणे असे वाचावे:

12.7 व्होल्ट – पूर्ण भारित
12.4 व्होल्ट – पाऊण
12.2 व्होल्ट – निम्मी
12.0 व्होल्ट – पाव

गाळ साचलेली विहीर

एवढ्यानेही काम संपत नाही. विहीर काठोकाठ भरलेली दिसली, तरी तळाशी गाळ असेल तर पाणी थोडेच निघते. बॅटरीचेही तसेच आहे. ती बरेच दिवस अर्धवट भारित राहिली की लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि पट्ट्यांचा तेवढा भाग निकामी होतो. ढगाळ पावसाळ्यात हे सहज घडते. अशी बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवीलही. पण काम सांगताच थकते.

तिची खरी परीक्षा भाराखालीच होते. 5 अँपिअर घेणारा दिवा जोडा. बॅटरीचा अंतर्गत रोध 0.02 ओहम असेल, तर दाब 5 × 0.02 = 0.1 व्होल्टनेच उतरेल. जुन्या बॅटरीत तो रोध 0.4 ओहम झाला, तर 2 व्होल्ट आतच खर्ची पडतील! धारकता पाहायची तर वेळही मोजावी. 20 तासांच्या दराने 40 अँपिअर-तास लिहिलेल्या बॅटरीने 2 अँपिअरचा भार 20 तास ओढला पाहिजे. 8 तासांतच दाब 10.5 व्होल्टवर आला, तर तिच्यात 16 अँपिअर-तासच उरले आहेत. चाचणीनंतर बॅटरी लगेच पूर्ण भारित करावी.

विद्यार्थी मित्रांनो, हे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ ठिणगी नको. आम्ल अंगावर उडू देऊ नका. आणि बॅटरी संपली म्हणून घरातील वीज कुंपणाला कोणी जोडत असेल, तर त्याला ताबडतोब थांबवा. झटका मशीनचा धक्का क्षणिक असतो. घरातील विजेचा प्राण घेतो.