बंद पडलेल्या संघाचा ताळेबंद



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले. कॉलेजच्या पायऱ्या आम्ही चढलो त्या तेथील शिपाई आणि प्रयोगशाळा-सेवक यांच्या मागण्यांचा कागद हातात घेऊन. खेळातही आम्हांला फारशी गती नाही. परंतु या संघाची हकीकत प्रथम वाचली, तेव्हा ती आम्हांला मैदानावरची न वाटता कारखान्याच्या फाटकावरची वाटली. वरिष्ठांनी आकडे दाखवून एक चालता संघ बंद केला. गावाने ते आकडे तपासून घेतले. आणि संघ पुन्हा उघडला. हे कसे घडले आणि त्यात काय राहून गेले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो फुटबॉल नव्हे. याचा चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळावयाचे किंवा पुढे फेकावयाचे. मैदान शंभर यार्डांचे, प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड कवच घालून, एकमेकांना धडका देत जमीन जिंकावयाची, असा हा दणकट खेळ आहे. अमेरिकेत विद्यापीठांचे सामने पाहावयास पन्नास-पन्नास हजार, कोठे लाख माणसे जमतात. शिक्षकाला, म्हणजे कोचला, मोठ्या विद्यापीठांत लाखो डॉलर पगार मिळतो. खेळाडूला मात्र आताआतापर्यंत पगार नव्हता. त्याला मिळे ती शिष्यवृत्ती. वरच्या श्रेणीतील संघाला अशा ८५ शिष्यवृत्त्या देता येत असत. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे भांडण त्याच्याभोवती फिरणार आहे.

आता गावाकडे वळू. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम हे शहर १८७१ मध्ये वसले. लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी या तिन्ही वस्तू तेथे जवळजवळ सापडल्या, म्हणून तेथे भट्ट्या उभ्या राहिल्या. १९०४ च्या सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनासाठी या शहराने लोहारांचा रोमन देव व्हल्कन याचा ५६ फूट उंचीचा ओतीव लोखंडाचा पुतळा घडविला. तो आजही टेकडीवर उभा आहे. याच शहराने वर्णद्वेषाचे भयंकर रूपही पाहिले. १९६३ मध्ये तेथील चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. पुढे भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या. १८८२ मध्ये पेटलेली स्लॉस भट्टी १९७१ मध्ये बंद झाली, आणि आता तेथे संग्रहालय आहे. लोखंडाने सोडलेल्या या शहराला हात दिला तो विद्यापीठाने आणि त्याच्या रुग्णालयाने. अलाबामा विद्यापीठाची बर्मिंगहॅम शाखा १९६९ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली, आणि पाहता पाहता शहरातील सर्वांत मोठी नोकरी देणारी संस्था बनली. तिला लोक यू.ए.बी. या आद्याक्षरांनी ओळखतात आणि तिच्या संघाला 'ब्लेझर्स' म्हणतात.

अशा तरुण विद्यापीठात फुटबॉलही उशिराच आला. जीन बार्टो नावाचे नामांकित बास्केटबॉल कोच १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील मोठी जागा सोडून येथे आले आणि त्यांनी क्रीडाविभाग शून्यातून उभा केला. त्यांच्याच कारकीर्दीत १९८९ मध्ये हौशी मंडळ म्हणून फुटबॉल सुरू झाला. १९९१ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ तिसऱ्या श्रेणीत उतरला, जेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. १९९३ मध्ये संघ एक मोठी पायरी चढला, आणि १९९६ मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीत जाऊन बसला. पाच वर्षांत तळापासून माथ्यापर्यंत! २००० मध्ये या पोरसवदा संघाने लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या बलाढ्य संघाला त्याच्याच मैदानावर १३–१० असे हरविले. २००४ मध्ये हवाई येथे हंगामाच्या अखेरचा मानाचा सामना खेळण्याची पहिली संधी मिळाली. तो सामना हरला, पण नाव झाले.

मात्र या घरात सावत्रपणाची एक तक्रार पहिल्यापासून होती. अलाबामा विद्यापीठाच्या तिन्ही शाखांवर एकच विश्वस्त मंडळ आहे, आणि टस्कलूसा येथील थोरल्या शाखेचा फुटबॉल संघ देशात अव्वल गणला जातो. थोरल्याचे कौतुक करताना धाकट्याच्या ताटात कमी पडते, असे बर्मिंगहॅमचे लोक उघड बोलत. संघ खेळे तो लीजन फील्ड या जुन्या, सत्तर हजारांवर बैठकांच्या मैदानात, जेथे वीस हजार प्रेक्षक आले तरी ते ओस दिसे. विद्यापीठाच्या आवारात बेताचे मैदान बांधावे ही कल्पना २०११ मध्ये पुढे आली. मंडळाच्या नकारामुळे ती तेथेच राहिली.

२०१४ च्या आरंभी बिल क्लार्क हे नवे कोच आले. आदल्या वर्षी बारांपैकी दोनच सामने जिंकणाऱ्या संघाने त्या वर्षी सहा जिंकले आणि प्रेक्षक जवळजवळ दुप्पट झाले. आणि नेमक्या त्याच हंगामाच्या शेवटी, २ डिसेंबर २०१४ रोजी, विद्यापीठाचे अध्यक्ष रे वॉट्स यांनी संघ बंद केल्याचे जाहीर केले. बोलिंग आणि नेमबाजी हे दोन छोटे संघही त्याबरोबर गेले. वरच्या श्रेणीतील विद्यापीठाने फुटबॉल बंद करण्याचा प्रकार १९९५ नंतर घडला नव्हता. आमच्या भाषेत ही टाळेबंदी नव्हे. टाळेबंदीत कुलूप उघडण्याची आशा असते. हे कायमचे बंद करणे होते. त्या दिवशी खेळाडूंच्या सभेत, सैन्यात नोकरी करून आलेला एक वयस्क खेळाडू अध्यक्षांना भर सभेत जाब विचारत होता. त्याचे चित्रण देशभर लोकांनी पाहिले. आम्हीही ते पाहिले, आणि फाटकावर नोटीस लागल्यानंतरच्या अनेक सकाळी आम्हांला आठवल्या.

आता आकडे पाहू. विद्यापीठाचे म्हणणे असे : क्रीडाविभागाचा वार्षिक खर्च सुमारे तीन कोटी डॉलर, त्यांतील दोन कोटी विद्यापीठ आपल्या पदरचे घालते, फुटबॉल टिकवावयाचा तर पुढील पाच वर्षांत आणखी ४ कोटी ९० लाख डॉलर लागतील. सल्लागारांचा अहवालही जोडलेला होता. हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. जो विद्यार्थी कधी मैदानाकडे फिरकत नाही त्याच्या फीमधून खेळाचा खर्च का भागवावा, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्याला आम्ही खेळाचा वैरी म्हणणार नाही.

परंतु तोटा दाखवला की तो मान्य करावयाचा, हे आमच्या धंद्यात बसत नाही. एका कारखान्याच्या वाटाघाटीत मालकांनी तोट्याचा ताळेबंद आमच्यापुढे टाकला होता. तीन रात्री बसून आम्ही तो वाचला, तेव्हा कळले की गोदामाचे भलेमोठे भाडे ज्या कंपनीला जात होते ती त्याच कुटुंबाची होती. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेला पैसा खर्च म्हणून लिहिला होता. बर्मिंगहॅममध्येही असाच एक प्रश्न उभा राहिला. ८५ शिष्यवृत्त्या क्रीडाविभागाच्या नावे खर्च म्हणून लिहिल्या जात, त्या फीच्या पूर्ण दराने. पण ही फी घेणारे विद्यापीठच, आणि देणारेही विद्यापीठच! ज्या वर्गात दोनशे मुले बसली आहेत तेथे आणखी एक बसला तर विद्यापीठाला प्रत्यक्षात किती खर्च येतो? २०१५ मध्ये दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब नव्याने मांडला आणि निष्कर्ष काढला की फुटबॉल प्रत्यक्षात तोट्यात नव्हता; जमाखर्च साधारण बरोबरीत, किंबहुना किंचित फायद्याकडे झुकणारा होता. दोन्ही हिशेबांतली बेरीज बरोबरच होती. फरक होता तो कोणत्या रकमेला खर्च म्हणावयाचे यात.

आकड्यांच्या पाठीशी माणसेही उभी राहिली. जानेवारी २०१५ मध्ये प्राध्यापकांच्या प्रतिनिधी-सभेने अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव केला. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, व्यापारी आणि शहराचा कारभार पाहणारे लोक एकत्र आले. निदर्शने झाली, पत्रके निघाली. पण केवळ घोषणांवर ते थांबले नाहीत; तूट भरून काढण्यासाठी कोट्यवधी डॉलरच्या देणग्यांचे वचन त्यांनी जमविले. १ जून २०१५ रोजी त्याच अध्यक्षांनी संघ पुन्हा सुरू होईल असे जाहीर केले. बंद करण्याचा हुकूम सहा महिनेही टिकला नाही.

तोपर्यंत बहुतेक खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेले होते. बिल क्लार्क मात्र थांबले. दोन हंगाम एकही सामना न खेळता त्यांनी नवा संघ जमविला. लोकांच्या देणग्यांतून सरावाची नवी इमारत उभी राहिली. सप्टेंबर २०१७ मध्ये लीजन फील्डवर संघ परतला, तेव्हा ४५ हजारांहून अधिक लोक जमले होते आणि संघाने तो सामना ३८–७ असा जिंकला. त्या हंगामात आठ विजय मिळाले. २०१८ मध्ये संघ आपल्या गटाचा विजेता ठरला आणि हंगामाच्या अखेरचा मानाचा सामना प्रथमच जिंकला. २०२० मध्ये पुन्हा विजेतेपद आले, २०२१ मध्ये शहरात ४७ हजार बैठकांचे नवे मैदान उघडले. पुढे क्लार्क पाठीच्या दुखण्याने २०२२ मध्ये निवृत्त झाले. २०२३ मध्ये संघ अधिक कठीण गटात गेला आणि त्या वर्षी चार, तर २०२४ मध्ये तीनच सामने जिंकू शकला. गावाने पैसा दिला म्हणजे दरवर्षी विजय मिळतो असे नाही. संघ चालू राहणे आणि संघ जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल की ही गोष्ट गोड झाली. आमच्या मनात मात्र दोन गोष्टी सलतात.

पहिली अशी. ज्या २०१५ मध्ये बर्मिंगहॅमने संघ वाचविला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहराला लागून असलेल्या फेअरफील्ड येथील युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने आपली झोतभट्टी कायमची बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे ११०० कामगारांची कामे गेली. ती भट्टी पुन्हा पेटली नाही. २०२० मध्ये तेथे विजेची भट्टी आली, पण तोवर पाच वर्षे लोटली होती. देणग्या देऊन संघ उघडता येतो. पोलादाच्या बाजारभावापुढे देणग्या चालत नाहीत. यात आम्ही गावाला दोष देत नाही. पण संघाच्या हकीकतीशेजारी ही हकीकतही लिहिली गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट खेळाडूंची. संघ बंद करताना त्यांना कोणी विचारले नाही, आणि उघडताना त्यांच्यातले बहुतेक तेथे उरले नव्हते. हे असे का? तर कायद्याच्या लेखी ते कामगार नव्हते, 'विद्यार्थी-खेळाडू' होते. हा शब्द अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात रूढ झाला, आणि त्यामागे नुकसानभरपाई टाळण्याचा हेतू होता. १९५५ मध्ये कोलोरॅडोत रे डेनिसन हा कॉलेज-खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. २०१४ मध्ये शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी युनियन करण्याचा अर्ज केला. प्रादेशिक अधिकाऱ्याने त्यांना कामगार मानले, मतदानही झाले. परंतु ऑगस्ट २०१५ मध्ये वरच्या मंडळाने यात आपण पडत नाही असे ठरविले, आणि त्या मतपत्रिका मोजल्याच गेल्या नाहीत.

तरी पाणी थांबलेले नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छायाचित्रावर पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आणि डिसेंबर २०२४ मध्ये खेळाडूंच्या एका संघटनेत सगळा संघच्या संघ सामील झाल्याचे जाहीर झाले. अशा रीतीने उघडपणे पुढे येणारा पहिला फुटबॉल संघ कोणता? दहा वर्षांपूर्वी, त्याच डिसेंबर महिन्यात, ज्याला कुलूप लावले गेले होते, तो बर्मिंगहॅमचा.

त्या संघटनेला कायद्याने युनियन म्हणून मान्यता मिळालेली नव्हती, हे आम्ही जाणतो. त्या मुलांतील बहुतेक जण २०१४ मध्ये शाळेत असतील. तरीही ही गोष्ट त्यांनी ऐकली असेलच, असे आम्हांला वाटते. पुढच्या वेळी कोणी त्यांच्या संघाचा ताळेबंद मांडील, तेव्हा तो वाचावयास निदान त्यांचा एक माणूस त्या टेबलाशी बसलेला असावा. आमच्या तीस वर्षांच्या कामात आम्ही मालकांपाशी पहिली मागणी हीच करीत आलो आहोत. पगारवाढीची मागणी तिच्यानंतर येते.