वाइनचा फ्रिज, काकांचे सिगार
काका बोटीवर होते. गेले तेव्हा मागे सिगारची एक पेटी राहिली. आमच्या गोव्याच्या हवेत ती टिकवणं अवघड: पावसाळ्यात बुरशी, मे महिन्यात कीड. 24 अंशांच्या वर तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि सिगारना भोकं पडतात.

मी वाइनचा छोटा फ्रिज घेतला, तोही थर्मोइलेक्ट्रिक. कॉम्प्रेसर हवा फार कोरडी करतो. मात्र तो खोलीपेक्षा दहा-बारा अंशच थंड होतो, म्हणून सावलीच्या खोलीत ठेवलाय. आत स्पॅनिश सीडरच्या फळ्या, आर्द्रता राखणाऱ्या पुड्या आणि हायग्रोमीटर. आर्द्रता 65 ते 70 टक्के, तापमान 18 ते 20 अंश. वाइन त्यात नको. तिला 12-13 अंश लागतात.

घरात कुणी ओढत नाही. काकू मात्र अधूनमधून दार उघडून वास घेते.