उघड्या खडकाचा पंचनामा

गावात काही विपरीत घडले की पंचनामा होतो. पंचनाम्याचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. तो जागेवर लिहावा लागतो. घरी येऊन, आठवून आठवून लिहिलेल्या कागदाला फारशी किंमत उरत नाही. त्यात जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहायचे असते आणि अंतरे मोजून लिहायची असतात. कोणी, केव्हा व कोठे पाहिले याची नोंद त्यावर असावी लागते. भूशास्त्राचा विद्यार्थी अभ्याससहलीला निघतो, तेव्हा त्याला नेमके हेच काम करावयाचे असते. फरक इतकाच की, ज्या घटनेचा तो पंचनामा करतो ती कोट्यवधी वर्षांपूर्वी घडून गेलेली असते आणि तिचा साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे उघडा पडलेला खडक.

पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग माती, मुरूम, शेते आणि वस्ती यांनी झाकलेला आहे. खालचा मूळ खडक जेथे जेथे डोके वर काढतो, तेथेच त्याची भेट घेता येते. नदीचे पात्र, घाटातील कडे, दगडाच्या खाणी, रस्त्यासाठी किंवा आगगाडीसाठी केलेले खोदकाम, एवढेच काय, पण विहिरीच्या कडासुद्धा या दृष्टीने उपयोगी पडतात. या विखुरलेल्या जागांवरून मधल्या झाकलेल्या भागाची रचना ओळखावी लागते. म्हणून प्रत्येक जागेची नोंद काटेकोर असणे अवश्य आहे. एका ठिकाणची चूक पुढे सबंध नकाशाभर पसरते.

अशा अभ्यासासाठी बेळगाव जिल्ह्याइतकी सोयीची भूमी क्वचितच आढळेल. बेळगाव शहर काळ्या बेसाल्टाच्या व त्यावरील जांभ्याच्या मुलखात वसलेले आहे. हा बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेला लाव्हा होय. तेथून पूर्वेकडे गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूस गेले की लाव्ह्याचे राज्य संपते आणि वालुकाश्म, क्वॉर्टझाइट, शेल व चुनखडक यांचे थर दिसू लागतात. बागलकोटजवळच्या कलादगी या गावावरून त्यांना कलादगी खडक असे नाव मिळाले. त्यांपैकी खालचे थर शंभर कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत. त्यांच्याही खाली पट्टिताश्म व ग्रॅनाइट यांचा अतिप्राचीन पाया आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने हा सर्व प्रदेश धुंडाळून त्याचे वर्णन लिहिले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने ते १८७६ साली प्रसिद्ध केले. पुढच्या संशोधकांनी त्यात पुष्कळ भर घातली व काही दुरुस्त्याही केल्या. त्या करता आल्या याचे कारण, फूटने काय पाहिले आणि कोठे पाहिले हे लिहून ठेवले होते.

सहलीची तयारी नकाशापासून सुरू होते. भारतीय सर्वेक्षण खात्याचे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे मिळतात. त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. नदीनाले कोठे आहेत, टेकड्यांची रांग कोणत्या दिशेने जाते, हे नकाशावरून आधीच पाहून ठेवावे. सोबत हातोडी, दहापट मोठे दाखविणारे भिंग, उतारमापक असलेले होकायंत्र, मोजपट्टी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी कुपी, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल एवढी सामग्री पुरते. पेन्सिलच का, तर पावसाच्या एका सरीने शाई वाहून जाते, पेन्सिलीची अक्षरे मात्र टिकून राहतात.

खडकाजवळ पोहोचताच हातोडी चालविणे हा नवशिक्याचा स्वभाव असतो. जाणता शिक्षक विद्यार्थ्यांना प्रथम दूर उभे करतो. गोकाकच्या धबधब्यासमोर उभे राहिले की घटप्रभा सुमारे बावन्न मीटर उंचीच्या कड्यावरून खाली झेपावताना दिसते. पाण्यावरची नजर काढून ती कड्यावर लावली, तर वालुकाश्माचे जवळजवळ आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या उभ्या भेगाही दिसतात. कड्याला पाय लावून उभे राहणाऱ्याला ही रचना उमगत नाही. तेव्हा आधी दुरून एक साधी आकृती काढावी, आकृतीच्या कडेला उंचीचे प्रमाण लिहावे, आणि पाहणाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते तेही लिहावे. दिशा न लिहिलेली आकृती दुसऱ्या दिवशी स्वतः काढणाऱ्यालाही उलगडत नाही.

मग जवळ जावे. वहीत प्रथम तारीख, जागेचा क्रमांक आणि ठिकाण. आज भ्रमणध्वनीवर अक्षांश-रेखांश क्षणात मिळतात. तरीही “पुलाच्या वरच्या अंगास, डाव्या तीरावर” असा शब्दांतला पत्ता जोडलेला बरा, कारण आकडा उतरवताना चूक झाली तर ती शब्दांनी पकडता येते. यानंतर एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा खडक जागचा आहे, की वरून गडगडत आलेला धोंडा आहे? धोंडा घरापेक्षा मोठा असू शकतो; पण तो जागचा नसेल तर त्याच्या थरांची दिशा मोजणे व्यर्थ होय.

खडकाची ओळख त्याच्या ताज्या भंगलेल्या पृष्ठावरून करावी. ऊन-पावसाने वरच्या सालीचा रंग पालटतो. काळा बेसाल्ट बाहेरून तांबूस किंवा पिवळट दिसतो. म्हणून रंग दोन लिहावेत, बाहेरचा आणि आतला. कण भिंगाखाली पाहून त्यांचा आकार नोंदवावा. आम्लाचा थेंब टाकल्यावर खडक फसफसला, तर त्यात चुना आहे असे समजते. नाव ताबडतोब सुचले नाही तर वर्णन लिहून नावाची जागा कोरी सोडावी. वर्णन असले तर नाव मागाहून देता येते. नुसते नाव लिहिले आणि ते चुकले, तर हाती काहीच उरत नाही.

यापुढचा भाग संरचनेचा. थर आडवा आहे की कललेला, आणि कललेला असल्यास कोणत्या दिशेने व किती, हे मोजावे लागते. ही कल्पना कौलारू घरावरून चटकन समजते. छपराचे आढे आडवे, एका दिशेने जाते. कौलांवर पडलेले पाणी आढ्याशी काटकोन करून सरळ खाली धावते व वळचणीला त्याच्या पागोळ्या होतात. कललेला थर हे जणू छपराचे एक पाखे. आढ्याची जी दिशा, तिला नतिलंब म्हणतात; पाणी ज्या दिशेने धावेल तिकडे थराची नती असते, आणि छपराचा जो चढ, तो नतीचा कोन. वहीत “नतिलंब ३२०, नती २५, ईशान्येस” असे लिहिले की, थराची अवकाशातील बैठक कायमची निश्चित झाली. होकायंत्र वापरताना हातोडी दूर ठेवावी, कारण पोलादाजवळ सुई भरकटते. ज्या खडकांत मॅग्नेटाइट हे लोहखनिज विपुल असते, तेथेही तिच्यावर विसंबता येत नाही. चुंबकीय उत्तर धरली की खरी उत्तर, हेही वहीच्या पहिल्या पानावर नमूद असावे.

वालुकाश्मात येथे एक फसगत संभवते. वाहते पाणी किंवा वारा वाळूचे लहान लहान उतार रचीत पुढे सरकतो. त्यामुळे आडव्या थराच्या पोटातही तिरप्या रेघा उमटतात. त्या रेघांनाच थर समजून कोन मोजला, तर आडवे खडक कललेले ठरतात. म्हणून थराच्या वरच्या व खालच्या सीमा आधी शोधाव्यात आणि मोजमाप त्यांचे घ्यावे. तिरप्या रेघांची नोंद वेगळी करावी. तीही मोलाची असते, कारण त्या काळी प्रवाह कोणीकडे जात होता हे तिच्यावरून कळते. भेगांची मोजणीही अशीच स्वतंत्र ठेवावी. भेगेच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांशी जुळत असतील तर ती साधी भेग, आणि ते सरकलेले असतील तर तो विभंग. किती सरकले, हे मोजून लिहावे.

या नोंदींतून काय उभे राहते, याचे उत्तम उदाहरण रामदुर्गला पाहावयास मिळते. तेथे खाली क्वॉर्टझाइटाचे कललेले थर आहेत आणि त्यांच्या छाटल्या गेलेल्या टोकांवर वालुकाश्माचे जवळजवळ आडवे थर पसरलेले आहेत. होकायंत्राने घेतलेली दोन मोजमापे शेजारी शेजारी लिहिली की, एक दीर्घ इतिहास उलगडतो. खालची वाळू साचली, तिचा दगड झाला, तो दाबाने कलला, उचलला गेला, झिजून सपाट झाला, आणि मग त्यावर पुन्हा पाणी येऊन नवी वाळू साचली. दोन थरांमधील ती एक रेघ म्हणजे निघून गेलेला प्रचंड काळ होय. भूशास्त्रात तिला विसंगती म्हणतात. १७८८ साली जेम्स हटन हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट येथे होडीने गेला, तेव्हा त्याला अशीच रेघ दिसली होती, आणि पृथ्वीचे वय काही हजार वर्षांत मावणार नाही या त्याच्या मताला तिने बळकटी आली.

तथापि वहीत हे सर्व एका दमात लिहू नये. पानाचे दोन भाग करावेत. एका भागात जे पाहिले व मोजले ते, आणि दुसऱ्या भागात त्याचा अर्थ. अर्थ उद्या बदलेल. पाहणी बदलता कामा नये. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. पुष्कळदा पहिला आकडाच बरोबर होता असे मागाहून ध्यानात येते. छायाचित्र अवश्य घ्यावे आणि प्रमाण कळावे म्हणून त्यात हातोडी किंवा नाणे ठेवावे. पण छायाचित्राने आकृतीची गरज भागत नाही. कॅमेरा सावली, गवत आणि खडक सारखेच टिपतो. आकृती काढणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघ काढण्यापूर्वी ती कशाची आहे हे ठरवावे लागते.

इतकी काटेकोरी कशासाठी, असे कोणी विचारील. इटलीतील वायोंट धरणाची हकीकत हे त्याचे उत्तर आहे. आल्प्स पर्वतातील अरुंद दरीत सुमारे २६० मीटर उंचीचे हे धरण बांधण्यात आले. डाव्या तीरावरच्या टॉक डोंगरातील चुनखडकाचे थर दरीकडे कललेले होते व त्यांमध्ये चिकणमातीचे पातळ पापुद्रे होते. १९५९–६० साली एदोआर्दो सेमेंझा या तरुण भूशास्त्रज्ञाने ती बाजू पायी हिंडून तपासली. चुरडलेल्या खडकाचा पट्टा आणि इतर खुणा नोंदवून त्याने असा निष्कर्ष काढला की, ही सबंध बाजू म्हणजे एक जुनी, प्रचंड दरड आहे आणि ती पुन्हा हलू शकते. धरणाचा अभियंता हा त्याचाच पिता होता. हा निष्कर्ष सर्व तज्ज्ञांना पटला नाही, आणि जलाशय भरण्याचे काम चालू राहिले. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सव्वीस कोटी घनमीटरांहून अधिक खडक एकदम जलाशयात कोसळला. धरण उभेच राहिले; परंतु त्यावरून उसळलेल्या लाटेने खालचे लोंगारोने गाव धुऊन नेले. सुमारे दोन हजार माणसे मरण पावली. थरांचा कल आणि त्यांतील मातीचे पापुद्रे या वहीतल्या दोन साध्या नोंदी. त्यांवर किती जीव अवलंबून होते, हे त्या रात्री जगाला कळले.

नित्याच्या व्यवहारातही या नोंदी उपयोगी पडतात. पाणी धरणारा एखादा थर सपाट जमिनीवर उघडा पडला आहे आणि तो ३० अंशांनी कलला आहे असे समजा. त्याच्या रुंदीवर, नतिलंबाशी काटकोनात, मोजपट्टी धरली असता ती ४० मीटर भरली, तर थराची खरी जाडी २० मीटर येते. त्या थराच्या वरच्या कडेपासून नतीच्या दिशेने १०० मीटर दूर असलेल्या शेतात तोच थर सुमारे ५८ मीटर खोलीवर लागेल. मध्ये एखादा विभंग नसेल, तर कूपनलिका खणणाऱ्याला हा आकडा पुष्कळ खर्चातून वाचवू शकतो. शाळेतील त्रिकोणमिती येथे शेतकऱ्याच्या कामी येते.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. उघडे खडक चिरंतन वाटले तरी ते तसे नसतात. खाण पुढे सरकते तेव्हा कालचा कडा नाहीसा होतो, रस्त्याच्या कडेची दरड सिमेंटने लिंपली जाते, धरणाच्या पाण्याखाली नदीचे पात्र जाते. पुढच्या पिढीला अशा जागांविषयी विचारावयाचे झाल्यास कोणाची तरी वही हाच आधार उरतो. म्हणून नमुना घेताना सुटा तुकडा मिळत असेल तर कड्यावर घाव घालू नये. तरंगचिन्हे, विसंगतीची रेघ अशा दुर्मीळ जागी हातोडी पिशवीतच असू द्यावी. जमीनमालकाची परवानगी घ्यावी, कड्याच्या तळाशी थांबू नये, आणि ठिणग्या उडविणाऱ्या खडकावर घाव घालताना डोळ्यांवर चष्मा असावा.

सायंकाळी मुक्कामावर परतल्यावर दिवसभराच्या नोंदी शाईने गडद कराव्यात, नमुन्यांवरील क्रमांक वहीशी ताडून पाहावेत, आणि पाहिलेल्या जागा जोडून जमिनीचा एक उभा छेद काढावा. छेद काढताना कोठे काय पाहावयाचे राहिले हे तात्काळ उघडकीस येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीकडे जायचे ते आपोआप ठरते.