घटकनिरीक्षण : पानाची भाषा आणि अक्षराचे वळण

संकेतस्थळावरील मराठी मजकूर वाचताना पुष्कळदा मराठीतील पाकळीयुक्त 'ल'ऐवजी हिंदी वळणाचा 'ल' समोर येतो. मुद्रितशोधकाच्या दृष्टीने हा दोष लेखकाचा नव्हे. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना ०९३२ हा एकच संकेतांक आहे. कोणते वळण उमटावे, हे फॉन्ट आणि पानाची घोषित भाषा यांवर ठरते. ही घोषणा वाचकाला दिसत नाही. ती पाहण्याचे साधन म्हणजे ब्राउझरमधील 'डेव्हलपर टूल्स'.

संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एखाद्या शब्दावर माउसचे उजवे बटण दाबून 'इन्स्पेक्ट' हा पर्याय निवडावा. उघडणाऱ्या चौकटीत पानाचे घटक वृक्षरूपाने मांडलेले असतात : पानाच्या पोटात विभाग, विभागाच्या पोटात परिच्छेद, परिच्छेदात शब्दसमूह. वाक्यविश्लेषणातील रचनावृक्ष ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. घटकाच्या ओळीवर माउस नेला की पानावरील तेवढाच भाग उजळतो.

वृक्षाच्या मुळाशी असलेल्या 'एचटीएमएल' या घटकात 'लँग' हा गुणधर्म शोधावा. मराठीसाठी त्याचे मूल्य 'एमआर' असावयास हवे (ही अक्षरे प्रत्यक्षात रोमन लिपीत असतात). मूळ घटकाची भाषा पोटातील घटकांना वारशाने मिळते. मात्र एखाद्या घटकाने स्वतःची भाषा घोषित केली असल्यास तीच ग्राह्य धरली जाते. मूल्य इंग्रजीचे आढळल्यास त्यावर दोनदा क्लिक करून ते बदलावे व एंटर दाबावे. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असेल, तर 'ल' आणि 'श' तत्काळ पालटतात. न पालटल्यास फॉन्ट तपासावा. क्रोममध्ये 'कम्प्युटेड' या विभागाच्या तळाशी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचे नाव मिळते.

प्रश्न केवळ अक्षरसौष्ठवाचा नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली उच्चार निवडताना याच घोषणेचा आधार घेते. मराठी पान इंग्रजी म्हणून घोषित झाले, तर त्या वाचकाच्या कानी विकृत उच्चार पडू शकतात, किंवा मजकूर वगळलाही जाऊ शकतो.

आपण केलेला बदल आपल्याच ब्राउझरपुरता असतो. पान पुन्हा लोड करताच तो नाहीसा होतो. मूळ पानाला धक्का लागत नाही, म्हणून निःशंकपणे प्रयोग करावेत. याच कारणास्तव कोणत्याही पानावरील शब्द बदलून त्याचे खोटे चित्र तयार करणेही सोपे असते. प्रकल्पासाठी पडद्याचे चित्र घेण्यापूर्वी पान पुन्हा लोड करावे आणि चित्राखाली दिनांक व पानाचा पत्ता नोंदवावा.