सलाईनने न जाणारा अशक्तपणा

दिवाळीची सुटी लागली, किंवा परीक्षांचे निकाल लागले, की आमच्या सुरगाण्यासारख्या गावातील दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण वाढतात. वय सतरा ते बावीस. बहुतेक जण नाशिक, दिंडोरी, कळवण येथे कॉलेजात शिकणारे. तक्रारी ठरलेल्या असतात. डोके जड राहते, छातीत धडधडते, पोटात आग पडते, भूक मेली, झोप नाही, हातापायांतले बळ गेले. सोबत आलेले वडील किंवा चुलते म्हणतात, “डॉक्टरसाहेब, पोरगं पार खंगलं. एक सलाईन लावून द्या, ताकद येईल.”

तपासले तर ताप नाही, रक्तदाब व्यवस्थित, छाती स्वच्छ. अर्थात आमच्या भागात रक्तक्षय पुष्कळ आहे, सिकलसेलही आढळतो. म्हणून हिमोग्लोबिन, सिकलसेलची चाचणी आणि गरज वाटल्यास थायरॉईड या तपासण्या आधी करून घ्याव्यातच. शरीराचा आजार नाही याची खात्री केल्याशिवाय ‘मनाचे आहे’ असे म्हणू नये. परंतु तपासण्या ठीक आल्यावर “काही झालेले नाही, घरी जा” असे सांगणेही बरोबर नाही. त्या मुलाला त्रास होतच असतो. त्याचे मूळ शरीरात नसते एवढेच.

मनावर दीर्घकाळ ताण राहिला की शरीरात अॅड्रिनलिन, कॉर्टिसोल यांसारखी संप्रेरके वाढतात. त्यामुळे नाडी जलद होते, स्नायू आखडतात, पोट बिघडते, झोप उडते. आपल्याकडे ‘मला उदास वाटते’ असे म्हणण्याची पद्धत नाही. ‘डोके दुखते’ असे म्हणता येते. त्यामुळे मनाचे दुखणे डोके, छाती, पोट यांच्या तोंडून बोलते.

आपल्या मुलांचे ओझे

ताण सगळ्याच विद्यार्थ्यांना असतो. तथापि आपल्या तालुक्यातील मुलांच्या डोक्यावर काही ओझी जास्तीची असतात. पाड्यावरचा मुलगा पहिलीपासून आश्रमशाळेत वाढतो. घरी कोकणी बोली, शाळेत मराठी, आणि दहावीनंतर विज्ञान शाखेत एकदम इंग्रजी. शंभर मुलांच्या वर्गात ‘सर, समजले नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर खोलीभाडे, खाणावळ यांची जुळवाजुळव. आईवडील पावसाळ्यात भात-नागलीच्या शेतात आणि पुढे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला. त्यांना ‘मला इथे करमत नाही’ हे फोनवर सांगायचे कसे? शिवाय पाड्यातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच असला तर सगळ्या भावकीचे डोळे त्याच्याकडे.

कधी कधी भर पडते ती टोमण्यांची. बोलण्याच्या लकबीवरून, कपड्यांवरून, जातीच्या दाखल्यावरून मुलांना बोलून घ्यावे लागते. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. ती जळगावकडील तडवी भिल्ल समाजातील. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. हुशारी आणि पदवी असली म्हणजे मन अभेद्य होते असे नाही, हे त्या घटनेने महाराष्ट्राला दाखवले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २००१ मध्ये हा आकडा ५,४२५ होता. राज्यांमध्ये २०२२ साली सर्वाधिक संख्या महाराष्ट्राचीच होती. आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असते. परंतु वेळीच ओळख पटली आणि मदत मिळाली तर यातील पुष्कळ मृत्यू टळू शकतात, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही.

दोन उदाहरणे

माझ्याकडे आलेली दोन उदाहरणे सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिला मुलगा बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाचा. छातीत दुखते म्हणून आणला. कार्डिओग्राम व्यवस्थित. वडिलांना बाहेर बसवून मी त्याच्याशी पंधरा-वीस मिनिटे बोललो. तेव्हा कळले की पहिल्या सत्रात तो तीन विषयांत नापास झाला होता. कॉलेजला सुटी आहे असे सांगून महिनाभर घरी बसला होता. “घरच्यांनी शेळ्या विकून फी भरली, आता कोणत्या तोंडाने सांगू?” एवढेच तो म्हणाला आणि रडू लागला. आपले सगळे वर्ष बुडाले अशी त्याची समजूत झाली होती. ए.टी.के.टी.ची सवलत म्हणजे काय हे त्याला कोणी नीट समजावूनच दिले नव्हते. त्याच्या एका प्राध्यापकांशी त्याच्या संमतीने मी फोनवर बोललो, वडिलांना आत बोलावून त्याच्यासमोरच सगळे सांगितले. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “शेळ्या पुन्हा होतील.” तो मुलगा परत गेला. नाशिकला चार-पाच वेळा समुपदेशकाकडे गेला. छातीचे दुखणे कोणत्याही गोळीशिवाय थांबले.

दुसरी मुलगी. तिचे प्रकरण इतके सोपे नव्हते. तीन महिन्यांपासून बोलणे कमी, केस विंचरत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, वजन सात किलोने उतरलेले. घरच्यांनी आधी भगताकडे नेले, नंतर ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ असा विचार सुरू झाला. हा नैराश्याचा, म्हणजे डिप्रेशनचा, स्पष्ट आजार होता. येथे नुसत्या बोलण्याने भागणार नव्हते. नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधे सुरू झाली, सहा आठवड्यांनी ती जेवू-बोलू लागली. तिचे एक वर्ष गेले. पण लग्न थांबले आणि पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा वर्गात बसली. लग्न हा कोणत्याही मानसिक आजाराचा उपचार नाही. आजारी मुलीवर नव्या घराचा ताण टाकल्यास आजार वाढतो आणि दोन कुटुंबे दुःखात पडतात.

केव्हा सावध व्हावे?

निकाल लागल्यावर चार दिवस तोंड उतरणे, प्रेमभंगानंतर रडणे, घरची आठवण येणे हा आजार नव्हे. मात्र पुढील लक्षणे बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे किंवा अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवावे :

१) सतत उदास किंवा चिडचिडे राहणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे.
२) झोप व भूक खूप कमी किंवा खूप जास्त होणे.
३) अभ्यासात लक्ष न लागणे, कॉलेज बुडवणे, मित्रांना टाळणे.
४) ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ असे वारंवार म्हणणे.
५) दारू, गुटखा यांचे प्रमाण एकाएकी वाढणे.

कानात आवाज येणे, कोणीतरी मागावर आहे असे वाटणे, एकट्याने बडबडणे अशी लक्षणे असतील तर दोन आठवडे थांबू नये. लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. भगताकडे जाऊ नका असे मी कोणाला सांगत नाही, कारण ती श्रद्धेची गोष्ट आहे. मी एवढेच सांगतो की देवाचे करा, पण गोळ्याही चालू ठेवा. मारहाण, चटके, उपाशी ठेवणे मात्र कोणत्याही नावाखाली होऊ देऊ नका.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

समुपदेशन या शब्दात ‘उपदेश’ दडलेला असल्याने पुष्कळांचा गैरसमज होतो. ‘खंबीर हो, अभ्यास कर, आईबापांकडे बघ’ असे सांगणारे घरी खूप असतात. समुपदेशक आधी ऐकून घेतो. गोंधळलेल्या मनातील प्रश्न एकेक सुटे करून मांडायला मदत करतो. ‘एका विषयात नापास म्हणजे आयुष्यात नापास’ असे चुकीचे विचार ओळखून ते तपासायला शिकवतो. साधारण पाऊण ते एक तासाची एक बैठक, अशा काही बैठका लागतात. जे बोलले जाते ते गुप्त ठेवले जाते. जिवाला धोका असेल तरच जवळच्या माणसाला सांगावे लागते. आपल्याकडे कोण कोणत्या दवाखान्यात गेले हे बाजाराच्या दिवशी सगळ्यांना कळते. म्हणून ही गुप्तता आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांनीही कटाक्षाने पाळली पाहिजे.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि मनाचे आरोग्य हा विषय शाळा-कॉलेजांपर्यंत नेला. अडचण आहे ती असे काम पाड्यापर्यंत पोहोचण्याची.

औषधांविषयी दोन शब्द. समुपदेशक औषध देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नयेत. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने, डॉक्टर सांगतील तोपर्यंत घ्याव्यात. पंचविशीच्या आतील रुग्णांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे आणि अस्वस्थता वाढल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची. म्हणून त्या मनाने दुकानातून आणू नयेत.

जीव नकोसा झाला असे म्हटले तर

‘बोलतो तो करत नाही’ ही समजूत घातक आहे. असे बोलणारा मदतच मागत असतो. त्याला शांतपणे सरळ विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तसा विचार डोक्यात घुसत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नये. घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आले. संकटाची घडी टळली तर माणूस वाचतो. कोणी काही घेतलेच असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता, डबा सोबत घेऊन, थेट रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते. तिला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे आहेत.

मदत कोठे मिळेल?

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी महत्त्वाचे निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवावा. मदतीचे क्रमांक वसतिगृहात व वर्गात ठळकपणे लावावेत. आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा याचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या मुलाच्या कॉलेजात किंवा वसतिगृहात हे झाले आहे काय, असे पालकांनी प्राचार्यांना आणि गृहपालांना नम्रपणे विचारायला हरकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामसभेतही हा विषय घेता येईल.

प्राध्यापकांना एक विनंती. जो विद्यार्थी एकाएकी मागच्या बाकावर जाऊन बसू लागला, ज्याची हजेरी अचानक घसरली, त्याला सर्वांसमोर रागावण्याआधी एकदा बाजूला घेऊन विचारा. विद्यार्थ्यांनाही सांगणे आहे. खोलीतला मित्र दोन दिवस अंथरुणातून उठला नाही तर त्याला आळशी म्हणू नका. जवळ बसा, डबा आणून द्या, गृहपालांना सांगा. यात चहाडी नाही.

आणि पालकहो, रविवारी फोन लावाल तेव्हा ‘जेवलास का’ आणि ‘पैसे पुरले का’ हे आपण विचारताच. त्यात आणखी दोन प्रश्न घाला : झोप लागते का, आणि तिथे करमते का. उत्तर लगेच आले नाही तर फोन ठेवू नका. थोडे थांबा, त्याला बोलू द्या.