निरोप्याला हुशारी कशाला?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेत गडागडांवर निरोप पोचवतात ते रेव्हन, म्हणजे आपल्या कावळ्याचे धिप्पाड भाऊबंद. रेव्हनची हुशारी जगजाहीर असल्याने वाचकाला ही योजना पटते. पण ती पटण्याजोगी होते ती मार्टिन यांनी या पक्ष्यावर कबुतराची मर्यादा लादली म्हणून. त्यांचे बहुतेक रेव्हन एकाच गडाकडे उडतात. दोन-तीन ठिकाणं जाणणारा विरळाच. दुसऱ्या गडाला पत्र धाडायचं तर तिथले पक्षी आधी पिंजऱ्यातून आणून ठेवावे लागतात. खऱ्या टपाली कबुतराचंही असंच. त्याला पत्ता कळत नाही, फक्त आपली ढाबळ कळते. १८७०-७१मध्ये प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा शहरातली कबुतरं बलूनमधून बाहेर नेली गेली आणि बाहेरचा मजकूर सूक्ष्म फिल्मवर उतरवून, ती पिसाच्या नळीत घालून, शेपटीच्या पिसाला बांधून त्यांना सोडलं गेलं. शहराबाहेर जाणारी पत्रं मात्र बलूननेच जात. सोडलेली बहुतेक कबुतरं परतलीच नाहीत, हेही कादंबरीकार सहसा विसरतात.

हा परतीचा हट्ट शिकवणीने येत नाही, शिकवणीने फक्त पक्का होतो. कबुतराला काही दिवस कृत्रिम उजेडात ठेवून त्याचं शारीरिक घड्याळ सहा तास सरकवलं, तर उन्हाच्या दिवशी ते साधारण काटकोनात चुकीच्या दिशेला निघतं; सूर्य त्याचं होकायंत्र आहे. अनोळखी मुलखात वासही वाट दाखवतो. हॅरी पॉटरमधलं घुबड ठिकाणाऐवजी थेट माणूस शोधतं, ती निखळ जादू. तिथे विज्ञानाने हुज्जत घालू नये.

मग हुशार रेव्हन कबुतराहून सरस का ठरू नये? २०१७च्या स्वीडनमधल्या प्रयोगात रेव्हननी समोरचा छोटा खाऊ सोडून नंतर उपयोगी पडणारं हत्यार निवडलं. पण पुढचा बेत आखणाऱ्या पक्ष्याला वाटेत मेलेलं जनावर दिसलं, तर तो आपलाच बेत आखणार. तरुण रेव्हन तर जोडी जमून हद्द ठरेपर्यंत भटकेच असतात. दुसरा आक्षेप असा, की कबुतरांना जा-ये शिकवता येते. येते खरी: राहणं एकीकडे, दाणापाणी दुसरीकडे ठेवायचं. पण तिथेही ठिकाणं दोनच, आणि दोन्ही पक्ष्याच्या स्वतःच्या गरजेची.